डाव्या कानाची साक्ष

१

तोरणमाळला रिनाचा सूर सुटला तेव्हा मी स्टेजच्या कडेला थंडीने हात चोळत उभा होतो. तोंडून शिवी निघाली. माझा माइक बंद होता हे नशीब, नाहीतर पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी तीही ऐकली असती.

मी भरत, दिलवरभाऊंच्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. दोन गाण्यांमधली जागा बोलून भरायची हे माझं काम, आणि गप्प बसणं मला जमत नाही हेच त्या कामाचं भांडवल. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी मात्र मला शब्द सुचेना. रिना ही तिथल्याच डोंगरातली पावरा आदिवासी मुलगी. तिच्या आवाजावर भाऊंनी अख्खा हंगाम लावला होता आणि ती पहिल्याच गाण्यात भलतीकडे निघाली होती. दुसऱ्या गाण्यात तर ती ओरडायलाच लागली. डाव्या कानावर तळहात गच्च दाबलेला आणि नजर साउंडवाल्या कलीमवर. लोक आधी हसले, मग शिट्ट्या सुरू झाल्या.

तिसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि एकाएकी सगळं जागेवर आलं. पण तोवर व्हायची ती शोभा झाली होती.

कार्यक्रम संपताच रिनाने कानातले दोन्ही तुकडे काढून कलीमच्या मिक्सरवर आपटले. "यानीच मन्हा आवाज बंद कया. मुद्दाम कया!"

हे तुकडे म्हणजे इन-इअर. गाणाऱ्याच्या कानात घट्ट बसतात आणि स्टेजवरच्या गोंगाटात त्याला हवं तेवढंच ऐकवतात. रिनाने मागून घेतलेली सोय अशी होती, की तिचा स्वतःचा आवाज डाव्या कानात आणि वाद्यं उजव्या कानात. वाद्यं शेवटपर्यंत नीट ऐकू येत होती. तिचा स्वतःचा आवाज तेवढा गायब झाला होता, आणि त्या आवाजाचा नॉब कलीमच्या बोटाखाली होता.

कलीमने डावा तुकडा उचलून स्वतःच्या कानाला लावला. त्याचा चेहरा उतरला, कारण आवाज स्वच्छ येत होता.

दिलवरभाऊ फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "उद्या विसरवाडीले कार्यक्रम शे. त्यान्हा आधी माले समजाले पायजे. ज्यान्हा हात शे, त्याले मन्ही गाडीमा जागा नही."

सगळ्यांनी कलीमकडे पाहिलं. मीही पाहिलं.

२

सकाळी घाट उतरायच्या आधी रिनाच्या आईने, रेवाबाईने, आम्हाला भाकरी दिली. ती आमच्यासोबत शहाद्यापर्यंत येणार होती. भाकरीवर तिने टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घातलं. घातलं कसलं, बाटलीच्या तोंडातून काडीने उकरून काढलं. गारठाच तसा होता. मी तिखट आणि ते तेल लावून भाकरी हादडली आणि रिनाने तिच्या भाकरीला हातही लावला नाही. रात्रभर ती रडली होती, हे डोळ्यांवरूनच दिसत होतं.

तिच्या इन-इअरची पिशवी मीच गाडीत समोरच्या काचेजवळ ठेवली. घाटाखाली ऊन चढलं, काच तापली आणि गाडीत सगळे गप्प. मला ती शांतता सोसेना. मी एक विनोद केला आणि रोशनीने असं पाहिलं, की दुसरा तोंडातच राहिला. रोशनी ही आमची दुसरी गायिका. पुढच्या महिन्यात नाशिकला एका गाण्याचं रेकॉर्डिंग होतं, आणि भाऊ दोघींपैकी एकीलाच पाठवणार होते. हे मला आठवलं आणि मी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. हलक्या मनाचा माणूस आहे मी, काय करू!

शहाद्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तबस्सुम मॅडमचं कान तपासणी केंद्र आहे. भाऊंच्या वडिलांना त्यांनीच कानाचं मशीन बसवलं होतं. मॅडम शिकलेल्या, बोलण्यात तुटक, आणि समोरच्याने वाक्य संपवायच्या आत पुढचा प्रश्न विचारणाऱ्या.

"मॅडम, हाई पोरना कान देखा. आनि हाई मशीनबी देखा," भाऊ म्हणाले.

मॅडमनी रिनाचा कान तपासला. ऐकण्यात काही फरक नव्हता. फक्त डाव्या कानाच्या तोंडाशी लाली होती. मग त्यांनी इन-इअर लावून बराच वेळ ऐकलं, डावं-उजवं अदलाबदल करून पाहिलं.

"दोन्ही सारखे वाजतात. यंत्रात दोष नाही."

भाऊंनी मान डोलावली. "मंग मानूसमा दोष शे."

कलीम उभाच होता. त्याचे वडील रमजानचाचा आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत आले. नंदुरबारमध्ये या घराकडे कोणी कधी बोट दाखवलं नव्हतं. कलीमने मिक्सरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. 

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मला एकेकाशी बोलायचं आहे."

३

कान तपासायची खोली म्हणजे चारी बाजूंनी गादीसारख्या भिंती. दार लावलं की आपलाच श्वास ऐकू येतो. मॅडमनी पहिल्यांदा मलाच आत घेतलं.

"पिशवी कुणी हाताळली?"

"मी. पण सकाळीच, गाडीत ठेवताना."

"कशी ठेवली?"

"कशी म्हणजे? होती तशीच. आत दोन्ही तुकडे तोंड खाली करून खोचलेले असतात, तसेच होते."

"तुम्हाला गप्प बसता येतं का?"

"प्रयत्न करू शकतो."

"मग कोपऱ्यात बसा. माणसं तुम्हाला ओळखतात, मोकळी बोलतील."

मी कोपऱ्यात बसलो. कलीम आत आला तो उभाच राहिला.

"आपा, मी काहीच कयं नही. नॉबले हातबी लाया नही."

"मग तिसऱ्या गाण्याला आवाज परत कसा आला?"

"तेच ते माले समजत नही. रातभर इचार करी ऱ्हायनू."

"तुझं आणि तिचं भांडण होतं?"

कलीमने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण त्या भांडणाला मी हजर होतो. इन-इअर घ्यायचे ठरले तेव्हा कलीमने तिला तीन जोड्या आणून दिल्या होत्या. एकीचा आवाज भरदार, तबल्याची थाप पोटात जाणवेल असा. दुसरी हलकी, कानात असल्याचं कळतही नव्हतं, पण आवाज थोडा पातळ. तिसरी कोणालाच आवडली नाही. रिनाने डोळे मिटून पहिली ऐकली आणि ती तिथेच थांबली.

"आवाजमा ती जोडी भारीच," कलीम म्हणाला. "पन तिना डावा कान बारीक शे. मोठं रबर टोचस. बारीक रबर लावं ते ढिलं ऱ्हास, फट पडस, मंग सगळा बास, खालना जाडा आवाज, उडी जास. मी सांगं, दुसरी ले. आवाज घडीभर गोड लागस, टोचनं कार्यक्रमभर टोचस. ती म्हने, कान मन्हा शे, तुन्हा नही. मंग मीबी चिडनू."

"काय म्हणालास?"

"म्हनलं, पस्तावशी."

हे सगळ्यांसमोर झालं होतं. मॅडमनी दार उघडलं.

रोशनी आत आली ती फणकाऱ्यानेच. "माले म्हाइत शे सगळासना मनमा काय शे ते. मन्हं रेकॉर्डिंग! पन मी तिना मशीनले हात लाया नही. मन्हं मन्हं येगळं शे."

"स्टेजवर तू तिच्या शेजारी होतीस. काय पाहिलंस?"

"ती डावा कान दाबी दाबी धरत व्हती. मी म्हनलं काढी टाक. ती काढे नही." रोशनीचा आवाज खाली आला. "आनि एक. त्यान्हा आधी ती माले पुसत व्हती, तुन्हं मशीन नवं व्हतं तव्हय कान दुखत व्हता का? मी म्हनलं, का वं? ती म्हने, काही नही, सहज."

शेवटी रिना. ती खुर्चीच्या टोकावर बसली, नजर जमिनीवर.

"डावा कान कधीपासून दुखतोय?" मॅडमनी विचारलं.

"दुखत नही."

"मी कान पाहिलाय, पोरी."

 तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती एकदम मोठ्याने म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. कसं सांगू? सगळ्यांसमोर मीच हट्ट केला होता. कलीम हसला असता." ती शाळेतलं मराठी बोलत होती. अवघड गोष्ट बोलताना ती नेहमी त्याच भाषेत शिरते.

"पिशवीला तुझ्याशिवाय कोणी हात लावला?"

"कोणी नाही. परवा रात्री घरी तर उशाशी घेऊन झोपले होते."

मॅडमनी मला बाहेर जाऊन कलीमला बोलवायला सांगितलं. मी बाहेर आलो. कलीम नव्हता. वायरींची थैलीही नव्हती.

४

"पळना," दिलवरभाऊ म्हणाले. "आते काय इचारनं?"

मला मात्र काही पटेना. कलीम चिडतो, तोंडावर बोलतो, आठ दिवस अबोला धरतो. पण कोणाचं गाणं मारून टाकणं? ज्या घरात नमाजानंतरचा पहिला आवाज क्लॅरोनेटचा असे, त्या घरातला मुलगा? मी येरझाऱ्या घालायला लागलो. बाहेर बाकावर रेवाबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं, पाणीही विचारलं नव्हतं.

मॅडमनी डावा तुकडा भिंगाखाली धरला. रबर काढलं. "भरत, बघा."

बारीक जाळीवर चकाकी होती. घाम पुसल्यावर राहते तशी.

"कानाचा मळ?" मी विचारलं.

"मळ असता तर आवाज आत्ताही अडला असता. मळ येत-जात नाही." त्यांनी तुकडा नाकाशी नेला आणि कपाळाला आठी घातली. "उजवा कोरडा आहे. डाव्याला तेल आहे. पण तेलाने तिथे आवाज बंद केला आणि इथे नाही, हे कसं?"

त्या स्वतःशीच बोलत होत्या. मी खिडकीतून बघत होतो. रेवाबाईने गाठोडं सोडलं, बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि भेगाळलेल्या टाचांना लावायला लागली. उन्हात तेल सोनेरी धारेसारखं पडत होतं.

धार?

"मॅडम," मी म्हणालो. "सकाळी ते काडीने काढावं लागलं होतं."

"काय?"

"ते तेल! वर गारठ्यात तुपासारखं घट्ट झालं होतं. मी खाल्लंय भाकरीवर!"

तबस्सुम मॅडम खिडकीशी आल्या. त्यांनी बाटली पाहिली, मग रेवाबाईला पाहिलं, मग रिनाला.

"पिशवीला कोणी हात लावला नाही म्हणालीस."

"नाही लावला."

"आईनेही नाही?"

रिनाचं तोंड उघडंच राहिलं. आईला तिने मोजलंच नव्हतं. आमच्यापैकी कोणीच मोजलं नव्हतं.

५

शेजारी थंड पेयांचं दुकान होतं. मॅडमनी डावा तुकडा तोंड खाली करून तिथल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगितला. दुकानदार कुरकुरला. मी त्याच्याकडून सोडा घेतला आणि त्याला गप्प केलं. ती वाट बघणं मी विसरणार नाही. भाऊ घड्याळ बघत होते, रोशनी नखं खात होती, आणि तिकडे स्टँडवर कलीमच्या गावाकडची, नंदुरबारची गाडी लागायची वेळ होत आली होती.

तुकडा परत आला तो गार पडलेला. मॅडमनी दोन्ही तुकडे माझ्याच कानांत बसवले आणि ते फोनला जोडून रिनाचं गाणं लावलं.

"ऐकू येतं?"

"उजव्यात येतं. डाव्यात काही नाही."

"नॉबला कोणी हात लावलाय?"

"इथे नॉबच कुठे आहे!"

"आता तळहात दाबून धरा. रिनाने धरला होता तसा."

मी धरला. आधी काहीच नाही. मग फार लांबून कोणी हाक मारावी तसं काहीतरी, मग रिनाचा आवाज, दबलेला, मग स्वच्छ.  मी हात काढला तरी आवाज येतच राहिला.

मॅडमनी भाऊंकडे वळून सांगितलं, "काल वर डोंगरात दिवसभर पिशवी गारठ्यात होती, तुकडे तोंड खाली. तेल जाळीवर उतरलं आणि थिजलं. स्टेजवर कानाच्या उबेने आणि हाताच्या उबेने ते वितळलं, म्हणून तिसऱ्या गाण्याला आवाज परत आला. कलीमने लगेच ऐकलं तेव्हा ते वितळलेलंच होतं. रात्री पुन्हा थिजलं असेल, पण सकाळी तुमच्या निवेदकाने पिशवी तापलेल्या काचेजवळ ठेवली. माझ्याकडे आलं तेव्हा पुरावा पातळ झाला होता."

 भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

रिना आईजवळ जाऊन खाली बसली. दोघी पावरीत, त्यांच्या घरच्या भाषेत, बोलल्या. रेवाबाई आधी हसून सांगत होती, मग मुलीचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. रिनाने आम्हाला सांगितलं, थांबत थांबत.

"ती म्हणते, परवा रात्री मी झोपेत कण्हत होते. कान लाल झाला होता. आमच्या घरात मुलीच्या कानात नवीन काही घालायचं असलं, की आई आधी त्याला टोळंबीचं तेल लावते, कानालाही लावते. मग ते टोचत नाही. माझी पहिली बाळी तिने अशीच घातली होती. तिला वाटलं, हेही कानातलंच." तिने डोळे पुसले. "म्हणते, ज्या कानात टोचत होतं त्याच्याच तुकड्याला लावलं. आत बोट जात नव्हतं, म्हणून थेंब सोडला."

रेवाबाईने काहीतरी विचारलं. कोणी भाषांतर केलं नाही, पण मला कळलं. तिचं चुकलं का, हे ती विचारत होती.

रिनाने आईचा हात आपल्या लाल कानावर ठेवला आणि मान हलवली. मग ती उठली आणि चप्पल न घालता स्टँडकडे धावत सुटली.

६

नंदुरबारची गाडी लागलेली होती. केळीच्या घडांचे करंडे, कापडाची गाठोडी, दारात लोंबकळणारी माणसं, आणि या सगळ्यातून कलीम थैली डोक्यावर धरून आत शिरत होता.

"कलीम!"

रिनाचा आवाज स्टँडभर गेला. माइकशिवाय तिला एवढ्या मोठ्याने मी कधी ऐकलं नव्हतं. माणसं वळून बघायला लागली. कलीम वळला, पण पायरीवरून उतरला नाही.

"तू काहीच कयं नही!" ती म्हणाली. "मन्ही चूक व्हयनी. सगळासमोर मी तुन्हं नाव लिदं, आते सगळासमोर सांगस. मन्हा कान दुखत व्हता आनि मी कोनले सांगं नही. मन्ही मायनी तेल लायं. तुन्हा हात त्यामा नही."

कंडक्टरने घंटी मारली. मी त्याला हात जोडले. माझ्यासारख्या बडबड्याला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

कलीमने थैली डोक्यावरून खाली घेतली. राग गेला नव्हता, आणि जाऊही नये असं मला वाटत होतं. मागून दिलवरभाऊ आले, धापा टाकत. ते म्हणाले, "मन्हंबी चुकनं, कलीम. मी तुले इचारं नही, नुसतं ठरायी टाकं."

"अब्बाले काय सांगू?" कलीम म्हणाला. "त्यासले फोन गया शे. कोनीतरी सांगं, तुमना पोऱ्यानी पोरना आवाज मारा."

"मी सांगस," भाऊ म्हणाले आणि तिथेच, गर्दीत, रमजानचाचांना फोन लावला. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण भाऊंची मान खाली होती आणि फोन ठेवताना त्यांनी डोळे पुसले.

कलीम गाडीतून उतरला. रिनाच्या समोर उभा राहिला.

"कान दुखस हाई माले सांगाले काय व्हयनं व्हतं तुले?" तो म्हणाला. "मी तठे मिक्सरवर कसाले बठेल ऱ्हास?"



त्या संध्याकाळी आम्ही विसरवाडीला पोचलो तेव्हा हायवेवर ट्रकांचे हॉर्न वाजत होते आणि माणसं खुर्च्यांसाठी भांडत होती. रेवाबाई घरी गेलीच नाही. ती स्टेजमागे आमच्याबरोबर आली. कलीमने थैलीतून ती हलकी जोडी काढली, जिचा आवाज थोडा पातळ होता. रेवाबाईने बाटली काढली तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. तिने मुलीच्या कानाच्या पाळीला तेलाचं बोट लावलं आणि कलीमच्या हातातल्या तुकड्यांपासून स्वतःचे हात मुद्दाम लांब धरले, आम्हाला दिसावेत असे. मग सगळे हसले, ती पण.

कलीमने तुकडे रिनाच्या कानात बसवले. मिक्सरकडे गेला, परत आला.

"कोठे टोचस का?"

"कोठेच नही," रिना पटकन म्हणाली.

तो हलला नाही. स्टेजवर माझं नाव पुकारलं जात होतं, मला जायला हवं होतं, पण मीही हललो नाही.

रिनाने खाली पाहिलं, मग त्याच्याकडे.

"डावा," ती म्हणाली. "थोडं."

कलीमने खिशातून लहान रबर काढलं आणि बदलायला घेतलं.